वारशाची गोधडी (गोवा)

वारशाची गोधडी : जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले व एकाच घराण्यात दोन किंवा अधिक पिढ्या जपलेले अंथरूण-पांघरूण. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतील मराठी घरांत तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी मऊ झालेल्या लुगड्याचे शिवतात ते दुपटे. गोव्यात थंडी बेताची असल्याने गोधडी अंगावर घेण्यापेक्षा अंथरण्याकडे अधिक लागते. पावसाळ्यात मात्र ती पांघरली जाते.

गोव्यातील गोधडीचे मूळ कोणते, याविषयी मतभेद आहेत. यान हाउखेन वान लिन्स्होतेन हा डच प्रवासी 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपच्या सेवेत होता. 1596 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ‘गोदोरीन’ वा ‘कोल्चा’ नावाच्या, रेशमाने शिवलेल्या देखण्या पांघरुणांचा उल्लेख येतो. एवढ्यावरून गोधडीकाम सोळाव्या शतकात गोव्यात भरभराटीला आले होते, असे मानण्याचा मोह होतो. परंतु हा उल्लेख गुजरातेतील खंबायत बंदराच्या मालाविषयीच्या प्रकरणातील आहे. बंगालमध्ये सातगाव-हुगळीच्या परिसरात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी पिवळसर रानरेशमाने भरलेल्या कोल्चा तयार होत. त्यांवर शिकारीचे देखावे, गलबते, बायबलमधील प्रसंग असत. त्यांचे नमुने लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहेत. या दोन्ही प्रकारच्या वस्तूंसाठी गोवा हे प्रामुख्याने व्यापाराचे व जहाजात माल चढवण्याचे ठिकाण होते. नव्या कापडावर, विक्रीसाठी, कारागिरांनी केलेले हे काम आणि घरातल्या बाईने जुनेर वापरून शिवलेली गोधडी यांत थर शिवून एकत्र धरण्याची रीत एक असली, तरी कुळी वेगळी आहे.

मूळ आफ्रिकी असल्याचे दुसरे मत सिद्दी समाजाच्या गोधडीवरून मांडले जाते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांपैकी काही जण पळून घाटावरच्या रानात गेले. कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्यांचे वंशज, म्हणजे सिद्दी, राहतात व त्यांतील बरेच जण घरी कोकणी बोलतात. त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, कडेपासून सुरू होते. बाई एका कोपऱ्यावरून टाका घालत कडेकडेने फिरते, वाटेत ठिगळे बसवत जाते आणि फेऱ्या घेत मध्यावर पोचते. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण शिवतात. त्यांना फुले म्हणतात आणि त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रेवल यांच्या अभ्यासामुळे हे काम जगापुढे आले. कवंदीच्या रंगसंगतीत आफ्रिकी दृष्टी पाहणारे अभ्यासक आहेत. मात्र जुनेरांची गोधडी दख्खनभर व कोकणभर शिवली जाते, उत्तर कर्नाटकात कौदी नावाची गोधडी प्रसिद्ध आहे, आणि ठिगळांची कंथा पांघरणाऱ्या जोग्यांची परंपराही जुनी आहे. हे पाहता मूळ तंत्र याच भूमीतले व सिद्दी स्त्रियांनी त्याला स्वतःचे वळण दिले, हा तर्क अधिक पटतो. दमट हवेत सुती कापड फार टिकत नसल्याने प्रत्यक्ष पुरावा बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मागे जात नाही.

वारशाच्या गोधडीचा काळ ठरवताना वरचे कापड पाहून चालत नाही. जीर्ण गोधडी टाकून न देता तिलाच पोटात घेऊन वर नवे लुगडे चढवण्याची रीत आहे. त्यामुळे पणजीने शिवलेली म्हणून दाखवलेल्या गोधडीचा दर्शनी भाग नातसुनेच्या काळचा असू शकतो, आणि तरी घरच्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. विरलेला कोपरा हलकेच उचलून पाहिल्यास थर दिसतात : वर पॉलिएस्टरमिश्रित छापील कापड, त्याखाली गिरणीची साडी, सर्वांत आत रंग उडालेले जाडसर हातमागाचे लुगडे. पॉलिएस्टरचा थर साधारणपणे 1961 च्या गोवा मुक्तीनंतरचा धरावा. कृत्रिम अलिझरीन हे लाल रंगद्रव्य 1870 नंतर बाजारात आल्याने लाल रंगाच्या प्रयोगशाळेतील तपासणीतून काही अंदाज बांधता येतो. नुसत्या नजरेने तो बांधणे धोक्याचे. लोहयुक्त काळा रंग सुताला खातो, म्हणून जुन्या लुगड्याचे काळे पट्टे आधी झडतात व तांबडे टिकतात. टाक्यांच्या ओळी कडेला समांतर ठेवून चौकोनात चौकोन शिवत आत नेलेल्या असतात, किंवा सरळ लांबीने घातलेल्या असतात. लुगड्याचा पन्हा अपुरा पडल्यास दोन तुकडे जोडतात. ती मधली शिवण सर्वांत आधी उसवते.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान आहेत. गोधडीची वाटणी मात्र सहसा तोंडीच होते. ती लेकीच्या किंवा नातीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने हातातून हातात जाते, आणि घर विकले तरी गोधडी उरते.

जपणुकीत खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर बुरशी धरते, खळीच्या कपड्याला कसर लागते. म्हणून ठेवणीतल्या गोधडीला खळ नसावी. दसऱ्यानंतर ती बाहेर काढून उलट्या बाजूने कोवळे ऊन दाखवतात, कारण कडक उन्हात रंग जातो. धुवायची झाल्यास रिठ्याच्या पाण्यात बुडवून दाबावी, पिळू नये, आणि दोरीवर न टांगता आडवी वाळवावी. ओल्या गोधडीच्या वजनाने टाके तुटतात. ट्रंकेत वेखंड किंवा कापूर पुरचुंडीत बांधून ठेवतात. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिल्यास त्या रेषेवर सूत मोडते, तेव्हा दर खेपेला घडी बदलावी, किंवा सुती कापडात गुंडाळून वळकटी करावी. डागडुजी करताना विरलेला भाग कापू नये. त्यावर धुऊन मऊ केलेले सुती कापड ठेवून जुन्या टाक्यांच्या मधल्या जागेतून सैल धावदोरा घालावा. मशीनची शिवण जुन्या सुताला चिरते. कोणत्या थरात कोणाचे लुगडे आहे, हे सांगणारी मोठी माणसे घरात असताना ते कागदावर उतरवून ठेवावे.