हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मान कधीपासून मिळायला लागला

1969 साली अमेरिकेतल्या डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनने कॉम्प्युटर क्षेत्रातला आपला पहिला 'मॅन ऑफ द इयर' निवडला, आणि तो मॅन होत्या ग्रेस हॉपर या कॉम्प्युटर तज्ज्ञ बाई. नावाचं हसू येतं, पण त्या निवडीत महत्त्वाचं असं की हा मान विद्यापीठवाल्यांनी नाही तर धंद्यातल्या लोकांनी दिला होता, म्हणजे ज्यांच्या हापिसात पगारपत्रकं आणि बिलं मशिनवर निघायची त्यांनी. हॉपरबाईंनी फ्लोमॅटिक नावाची प्रोग्राम लिहायची भाषा केली होती ज्यात हिशोबाच्या सूचना साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यायच्या, आणि 1959 ला समितीने मिळून धंद्याच्या कामासाठीची जी कोबॉल भाषा बनवायला घेतली तिचा मोठा पाया हाच. (त्यांना सरसकट 'कोबॉलची आई' म्हणतात, पण भाषा समितीची होती, बाई सल्लागार होत्या.)

त्याच्याही आधी लंडनची गोष्ट आहे. लायन्स ही चहाची दुकानं आणि बेकरी चालवणारी कंपनी, त्यांनी लिओ नावाचा कॉम्प्युटर स्वतःच बनवला आणि नोव्हेंबर 1951 मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशोब चालवला. धंद्याचं रोजचं काम कॉम्प्युटरवर चालायची ही सुरुवात समजली जाते. म्हणजे सुरुवात पाव आणि केकपासून, रॉकेटपासून नाही! त्यातली कामं बसवणारे डेव्हिड कॅमिनर यांना ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला तो 1980 मध्ये, आणि तोही लिओसाठी नाही, तर नंतर युरोपियन समुदायाच्या कॉम्प्युटर नेटवर्कचं काम पाहिलं त्यासाठी.

धंद्याच्या सॉफ्टवेअरला मान मिळायला असा उशीर का झाला? एक तर तेव्हा सॉफ्टवेअर ही वेगळी वस्तूच नव्हती, मशिनबरोबर फुकट यायची, आयबीएमने वेगळं बिल लावायचं जाहीर केलं तेच 1969 मध्ये. ज्याची किंमत नाही त्याला बक्षीस कोण देणार. दुसरं म्हणजे विद्वान मंडळींचा तिटकारा, आणि तो चांगलाच उघड होता. कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वात मोठा समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 1972 ला मिळालेले संशोधक डाइक्स्ट्रा यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलंय की कोबॉलने डोकं लुळं पडतं, सबब ती शिकवणं हा गुन्हाच मानावा. माणूस थोर, पण जगातल्या बँका ज्या भाषेवर चालायच्या तिच्याबद्दल हे!

गंमत म्हणजे डाइक्स्ट्रांच्या पुढच्याच वर्षी, 1973 ला, ट्युरिंग पुरस्कार चार्ल्स बाखमन यांना मिळाला. 1966 पासून चालत आलेला हा पुरस्कार धंद्याच्या कारभारात कॉम्प्युटर वापरण्यासाठी पहिल्यांदा दिला तो तेव्हा. बाखमन पूर्ण हयात कंपन्यांमध्ये काम केलेले इंजिनियर, जनरल इलेक्ट्रिकमध्ये कारखान्याचा माल, ऑर्डरी, उत्पादन हे सगळं एका जागी जोडून ठेवायला त्यांनी आयडीएस बनवलं, सुरुवातीच्या डेटाबेसपैकी एक. एरवी प्रत्येक प्रोग्रामची स्वतःची फाईल, एकीत पत्ता बदलला तरी दुसरीत जुनाच, आपल्याकडे अजून दिसतं ते. पुरस्काराच्या भाषणात त्यांनी कोपर्निकसचा दाखला दिला, की आतापर्यंत कॉम्प्युटर मध्ये आणि माहिती त्याच्याभोवती फिरते असं समजत होतो, आता माहिती मध्ये ठेवा.

नंतर 1974 ला बाखमन आणि आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांचा जाहीर वाद झाला, डेटा दुव्यांनी जोडायचा की साध्या तक्त्यांत ठेवायचा यावर. पुढे कॉडचे तक्ते जिंकले, 1981 ला ट्युरिंग कॉडना. आणि 1998 ला जिम ग्रे यांना, ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे व्यवहार एकतर पूर्ण व्हावा नाहीतर अजिबात होऊ नये याच्या, कामासाठी. एटीएममधून पैसे निघताना मध्येच लाईट गेली तरी खात्यात गोंधळ का होत नाही, तर त्यामागे या प्रकारचं काम आहे.

मला यात सगळ्यात आवडतं ते व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डला बिझनेस शिकणारा मुलगा, फळ्यावर एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून परत लिहावे लागतात हे बघून त्याला कल्पना सुचली, कोड बॉब फ्रँकस्टनने लिहिला आणि 1979 ला ॲपल टू या कॉम्प्युटरवर पहिली गाजलेली स्प्रेडशीट आली, म्हणजे एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा तक्ता. पेटंट मिळणं कठीण असं वकिलाने सांगितलं म्हणून घेतलंच नाही, लोटस या दुसऱ्या कंपनीच्या स्प्रेडशीटने पुढे मार्केट खाऊन टाकलं. पण 1981 ला ब्रिकलिनला तरुणांसाठीचा पुरस्कार मिळाला तो ग्रेस हॉपर यांच्याच नावाचा, आणि 1985 ला ब्रिकलिन-फ्रँकस्टन दोघांना 'सॉफ्टवेअर सिस्टिम' नावाचा पुरस्कार. पैसा नाही आला, नाव मात्र आलं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण टॅली. श्यामसुंदर गोयंकांना स्वतःच्या धंद्याच्या हिशोबाला धड सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, बनवायला सांगितलं, 1986 ला बंगलोरला कंपनी उभी राहिली. खात्यांना कोड नंबर पाठ करायची गरज नाही, नुसतं नाव टाका, ही त्यातली खरी हुशारी, कारण आपला दिवाणजी रोजकीर्द-खतावणी नावानेच लिहायचा. आज तालुक्याच्या गावात कॉमर्सवाल्या पोराला मुलाखतीत पहिला प्रश्न 'टॅली येतं का' हाच असतो.

भरत गोयंकांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. यादीत नाव 'व्यापार आणि उद्योग' या खान्यात होतं, विज्ञान-इंजिनिअरिंगचा खाना वेगळा होता.