सर्व्हरवरचे एक्सेप्शन आणि २०० विरुद्ध ५०० हा वाद

एक्सेप्शन, म्हणजे कोड चालताना काही बिघडले की नेहमीची वाट सोडून चूक वर कळवणे, ही मुळात एकाच प्रोग्रॅमच्या आतली सोय आहे. क्लायंट आणि सर्व्हर वेगळे झाले की एक्सेप्शन स्वतः पलीकडे जात नाही, जातो तो फक्त मजकूर, आणि या क्षेत्रातले बहुतेक गोंधळ इथूनच सुरू झाले. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९१ च्या रूपात स्टेटस कोडच, म्हणजे उत्तराचा निकाल सांगणारा आकडा (२०० म्हणजे यश, ५०० म्हणजे सर्व्हरवरची चूक), नव्हता. चूकसुद्धा साध्या एचटीएमएल पानावर लिहून येई. १९९६ च्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात ५०० हा कोड होता. सीजीआय स्क्रिप्ट, म्हणजे पान तयार करण्यासाठी सर्व्हर चालवत असलेला छोटा प्रोग्रॅम, मध्येच कोसळली की वापरकर्त्याला तेवढा कोड दिसे आणि खरे कारण एरर लॉगमध्ये राही.

वाद पेटला तो दूरस्थ कॉल, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचे फंक्शन बोलावणे, एचटीटीपीवरून जाऊ लागल्यावर. १९९८ च्या सुमारास आलेल्या एक्सएमएल-आरपीसी या अशा कॉलच्या पद्धतीचा नियम असा की खालच्या पातळीवरची चूक नसेल तर नेहमी २०० पाठवावा आणि फॉल्ट, म्हणजे चुकीची नोंद, उत्तराच्या मजकुरात लिहावा. २००० मधल्या सोप १.१ या तशाच दुसऱ्या पद्धतीने नेमके उलटे ठरवले: फॉल्ट असेल तर ५०० सक्तीचा. पहिल्या बाजूचा युक्तिवाद असा, की एचटीटीपी केवळ वाहक आहे आणि निरोप सुखरूप पोहोचला असेल तर वाहकाने अपयश का सांगावे? तो ऐकायला पटतो, पण वाटेतल्या कॅशे (उत्तरे साठवणाऱ्या), प्रॉक्सी (मध्यस्थ) आणि देखरेखीच्या यंत्रणा मजकूर उघडून पाहत नाहीत, त्या कोडच वाचतात. डेटाबेसचे कनेक्शन संपल्यामुळे प्रत्येक ऑर्डर फसत असताना ॲक्सेस लॉगमध्ये ओळीमागून ओळ २०० दिसत राहते आणि ज्याने धावून जायचे त्याला अलार्मच मिळत नाही. ही किंमत फार मोठी आहे.

तरीही २०० टिकला, कारण ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर ५०० आल्यावर उत्तराचा मजकूर प्रोग्रॅमच्या हाती देत नसे, त्यामुळे सोपचा फॉल्ट वाचता यावा म्हणून सर्व्हरवर मुद्दाम कोड बदलावा लागे. जेसनपीच्या, म्हणजे दुसऱ्या साइटवरचा डेटा स्क्रिप्ट म्हणून मागवण्याच्या युक्तीच्या, स्क्रिप्ट टॅगमधून तर कोड वाचताच येत नसे. अडचणीपोटी काढलेल्या या वाटा पुढे सवयी झाल्या. ब्राउझरमधून विनंती पाठवण्याच्या फेच या फंक्शनमध्येही ५०० आल्यावर प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या उत्तराचे आश्वासन) रिजेक्ट होत नाही, म्हणजे चूक मानली जात नाही; ओके हा गुणधर्म स्वतः तपासावा लागतो, आणि तो तपासायचा राहिला की चुकीचा मजकूर यशस्वी उत्तर समजून पुढे सरकतो.

चुकीच्या मजकुराचा साचा ठरायला मात्र २०१६ उजाडले. आरएफसी ७८०७ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील आणि प्रसंग अशी पाच क्षेत्रे सुचवली, आणि २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने तिची जागा घेतली. स्टॅक ट्रेससारखी (चूक झाली तेव्हा चालू असलेल्या फंक्शनांची यादी) आतली माहिती या उत्तरात उघड होऊ नये, ही त्यातली सर्वांत मोलाची सूचना. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या ग्राफक्यूएल या, हवा तेवढाच डेटा मागण्याच्या भाषेने जुना प्रश्न पुन्हा उभा केला, कारण तिथे एकाच उत्तरात अर्धा डेटा आणि चुकांची यादी शेजारीशेजारी येऊ शकतात, आणि अशा उत्तराला २०० म्हणावे की ५००, याला एका आकड्यात उत्तर नाही.