ओळख हरवलेले राखीव पॅराशूट : खुणांमागचा इतिहास

स्कायडायव्हिंगच्या जुन्या अमेरिकी सामानात मुख्य पॅराशूटपेक्षा राखीव पॅराशूटची ओळख पटवण्याला अधिक महत्त्व आहे, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. मुख्य पॅराशूट कोणते वापरावे यावर अमेरिकेत सरकारी मंजुरीचे बंधन नाही. राखीव पॅराशूट मात्र एकतर नागरी विमान वाहतुकीच्या टीएसओ-सी23 या मानकाखाली मंजूर झालेले असावे लागते, किंवा लष्करी रेखाचित्र क्रमांक, आदेश क्रमांक अथवा तत्सम लष्करी निर्देशांकावरून ओळखता येणारे तरी असावे लागते. त्यामुळे कापड, दोऱ्या आणि शिवण कितीही धडधाकट असली तरी छापील ओळख पुसली गेली की त्या वस्तूला उडीच्या सामानात स्थान उरत नाही. आणि नेमकी हीच ओळख जुन्या सामानावरून सर्वांत आधी नाहीशी होते.

याची मुळे लष्करी सामानात आहेत. 28 एप्रिल 1919 रोजी ओहायोतील मॅक्कुक फील्ड येथे लेस्ली अर्विन याने विमानातून उडी मारून हवेत असतानाच स्वतः रिपकॉर्ड (पॅराशूट उघडणारी दोरी) ओढली आणि पाठीवरचे पॅराशूट उघडले. त्यानंतर वैमानिकांची पॅराशूटे याच पद्धतीची होऊ लागली. त्या काळचे छत्र रेशमी असे. जून 1942 मध्ये कनेक्टिकट राज्यात ॲडलीन ग्रे हिने नायलॉनच्या पॅराशूटची चाचणी उडी घेतली आणि युद्धाच्या उरलेल्या वर्षांत नायलॉनने रेशमाची जागा घेतली. जुन्या बाजारात दिसणारे प्रत्येक पांढरे छत्र ‘दुसऱ्या महायुद्धातील रेशमी पॅराशूट’ म्हणून विकले जाते, त्यातली पुष्कळशी प्रत्यक्षात पांढऱ्या नायलॉनची असतात. सुट्या धाग्याचे टोक पेटवले तर रेशीम केस जळल्यासारखा वास देऊन चुरा होते, तर नायलॉन वितळून त्याचा कडक मणी बनतो. एवढी परीक्षा या वादाला पुरेशी आहे.

अमेरिकी छत्रीधारी सैनिक सुरुवातीपासून छातीवर किंवा पोटावर 24 फूट व्यासाचे राखीव पॅराशूट बाळगत. ब्रिटिश छत्रीधारी सैनिक मात्र महायुद्धाच्या काळात राखीव पॅराशूटशिवायच उडी घेत. पुढे जुन्या बाजारात राखीव म्हणून जे आले ते बहुतांशी अमेरिकी का होते, याचा उलगडा या फरकातून बराचसा होतो. युद्धानंतर लष्कराने निकाली काढलेला माल स्वस्तात उपलब्ध झाला आणि 1959 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ऑरेंज येथे पहिले व्यावसायिक क्रीडा-पॅराशूट केंद्र सुरू झाले, तेव्हा हौशी उडीबाजांचे जवळजवळ सगळे सामान याच मालातून येत होते. गोंधळाची सुरुवातही तेथेच झाली. छत्र एका ठिकाणचे, ते ज्यात घडी करून ठेवतात तो कंटेनर दुसऱ्या ठिकाणचा आणि अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा हार्नेस तिसऱ्या ठिकाणचा, अशी जुळणी सर्रास होत असे, आणि म्हणून कंटेनरवरचा शिक्का आतल्या छत्राविषयी काहीच सिद्ध करत नाही.

लष्करी शिक्का थोडासा जरी वाचता आला तरी त्यातून बरेच काही हाती लागते. अमेरिकी लष्करी साठ्यात पॅराशूटांचा वर्ग 1670 या अंकांनी दाखवला जातो, त्यामुळे पुसट अक्षरांत हे चार अंक दिसले की आपण योग्य ओळीवर आहोत हे कळते. हा साठा क्रमांक एकूण 11 अंकी असेल तर तो 1974 पूर्वीच्या पद्धतीचा, आणि वर्गापाठोपाठ देशाचे दोन अंक येऊन तो 13 अंकी झाला असेल तर नंतरच्या पद्धतीचा. कंत्राट क्रमांक त्याहून बोलका असतो. डीएसए या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कंत्राटात पुढे येणारे 67 किंवा 68 यांसारखे दोन अंक आर्थिक वर्ष दाखवतात, आणि ती अक्षरे ज्या पुरवठा संस्थेची होती तिचे नाव 1977 मध्ये बदलले. अर्थात हा शिक्का शाईचा असतो. तो छत्राच्या खालच्या काठाजवळ असल्याने घड्यांच्या घर्षणाने आणि धुण्याने फिका पडतो. तिरप्या प्रकाशात तो कधीकधी वाचता येतो, कधी त्याची नुसती सावली उरलेली असते.

शिक्का पूर्ण गेला असेल तर छत्राची रचनाच वाचावी लागते, आणि सुरुवात मोजणीने होते. लष्करी सपाट गोल छत्रांत व्यासाचे फूट आणि त्रिकोणी पाकळ्यांची संख्या जुळते: 24 फुटांच्या राखीव छत्राला 24 पाकळ्या, तर वैमानिकांच्या सी-9 या 28 फुटी छत्राला 28. सी-9 ची प्रत्येक पाकळी तिरप्या कापलेल्या चार तुकड्यांची असते, आणि नारिंगी, पांढरा, हिरवा व वाळूचा असे चार रंग एकत्र दिसले तर बहुधा तेच छत्र समोर आहे. मात्र अशा छत्राच्या मागच्या बाजूच्या पाकळ्या कापून मोठी भोके ठेवलेली असतील तर ते राखीव नसून कोणीतरी दिशा देता यावी म्हणून बदललेले मुख्य पॅराशूट असण्याचा संभव जास्त. नौदलाचे 26 फुटी छत्र शंकूच्या आकाराचे असल्याने पाकळ्यांचा वरचा हिशेब त्याला लावू नये. जमिनीवर पसरताना मधे फुगवटा राहिला आणि छत्र सपाट बसेना, की हा फरक नजरेला येतो. कापडही काळ सांगते. जुनी 24 फुटी राखीव छत्रे दर चौरस यार्डला 1.6 औंस वजनाच्या ट्विल विणीची असत, तर नंतरच्या छत्रांत 1.1 औंसाचे रिपस्टॉप आले, ज्याच्या बारीक चौकटी प्रकाशासमोर धरताच दिसतात.

कंटेनरकडून काळाची ढोबळ मर्यादा मिळते. पोटावर अडकवायचे राखीव लष्करी वळणाचे. मुख्य आणि राखीव दोन्ही पाठीवर घेण्याची सोय 1960 च्या दशकात सिक्युरिटी कंपनीच्या क्रॉसबोसारख्या संचांनी आणली, आणि पुढच्या दशकात ती रूढ झाली. पायलट शूट (छत्र बाहेर खेचणारे छोटे पॅराशूट) असणे किंवा नसणे यावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण पोटावरच्या राखीवातील पायलट शूट काढून छत्र हाताने फेकण्याची पद्धत अनेक उडीबाजांनी अवलंबली होती.

नागरी कंपन्यांच्या मालावर कापडी पट्टी असते आणि तिच्यावरील टीएसओ मानकाचे अक्षर महत्त्वाचे ठरते. सी23बी खाली ‘मानक’ आणि ‘कमी वेग’ असे दोन वर्ग होते. 1984 च्या सी23सी पासून ए, बी, सी हे वर्ग आले आणि 1994 मध्ये सी23डी लागू झाले. येथे अनेक जण फसतात, कारण जुन्या मानकाखाली एकदा मंजूर झालेले नमुने नवे मानक आल्यानंतरही बनवता येत होते. हे अक्षर मंजुरीचा काळ सांगते, वस्तू कधी बनली ते सांगत नाही. त्यापेक्षा कंटेनरच्या खिशात राहून गेलेले पॅकिंग कार्ड भरवशाचे, कारण त्यावर प्रत्येक वेळच्या पॅकिंगची तारीख आणि रिगरची, म्हणजे पॅराशूट पॅक करणाऱ्या परवानाधारकाची, सही असते. रिपकॉर्डवरच्या शिशाच्या सीलवर उमटवलेले चिन्हही त्या रिगरला दिलेले असते.

1980 च्या दशकात बनलेल्या गोल छत्रांबाबत ओळखीला आणखी एक बाजू आहे. त्यांतील काहींच्या, छत्रात शिवलेल्या जाळीच्या कापडात आम्ल राहून गेले होते आणि जाळीला लागून असलेले नायलॉन त्यामुळे वरून धड दिसत असतानाच कमकुवत होत गेले. म्हणून त्या काळातील छत्रांची जाळी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या दर्शकाने तपासण्याची आणि कापड ओढून त्याची ताकद पाहण्याची पद्धत आली. आम्ल असेल तर दर्शक पिवळा पडतो. निनावी छत्राला जाळी आहे आणि रचनेवरून ते याच दशकातले वाटते, एवढे ठरले तरी ही तपासणी होईपर्यंत ते पॅक करण्यास रिगरने नकार देणे योग्यच असते. तपासणीत छत्र निर्दोष ठरले तरीही, निर्माता आणि नमुना क्रमांक दाखवणारी पट्टी नसल्यास ते प्रशिक्षण वर्गात घड्या शिकवण्यापुरते किंवा संग्रहात ठेवण्यापुरतेच उपयोगी पडते.