रक्तातून काय उतरते?

एखाद्या घरात दोन पिढ्यांत दोन आत्महत्या झाल्या की ‘त्या घराण्यातच आहे ते’ असे म्हटले जाते आणि पुढे त्या घरातल्या मुलामुलींची स्थळेही नाकारली जातात. अशा कुटुंबांत धोका वाढलेला असतो, हे खरे आहे. पण तो रक्तातून येतो की एकाच छपराखाली सोसलेल्या दुःखातून?

१९७९ मध्ये शुल्सिंगर, केटी व सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तकविधानाच्या नोंदींतून आत्महत्या केलेल्या ५७ दत्तक व्यक्ती निवडल्या. त्यांच्या रक्ताच्या २६९ नातलगांपैकी १२ जणांनी आत्महत्या केली होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या ५७ दत्तकांच्या तितक्याच नातलगांपैकी केवळ दोघांनी. दत्तक घेणाऱ्या कुटुंबांत मात्र एकही नव्हती. म्हणजे रक्तातून काहीतरी उतरते. परंतु त्यासाठी कोणतेही एक जनुक जबाबदार नाही, अनेक जनुकांचे बारीक परिणाम एकत्र येतात. त्यामुळे पितृदोषाच्या शांतीला जसा आधार नाही, तसाच एका जनुकावरून भविष्य सांगणाऱ्या चाचणीलाही नाही.

याची दुसरी बाजू मला अधिक विलक्षण वाटते. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींना संदेश धाडते. त्यांतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते. हेच कॉर्टिसॉल मेंदूतील हिप्पोकॅम्पसमधल्या ग्राहींना चिकटले की संदेश थांबतो. ग्राही कमी असतील तर हा लगाम उशिरा बसतो आणि ताण ओसरत नाही. ग्राही घडवणाऱ्या जनुकाच्या आरंभीच्या भागावर मिथाइल गट ही छोटी रासायनिक चिन्हे बसली की ते जनुक कमी वाचले जाते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील २००४ च्या प्रयोगात, पिल्लांना फारसे न चाटणाऱ्या उंदरीण-मातांच्या पिल्लांत हे गट जास्त आढळले. मात्र अशा मातांच्या पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या मातेकडे वाढवले, तेव्हा ते कमी राहिले. हेही दत्तकविधानच, पण येथे रक्तापेक्षा संगोपन वरचढ ठरले.

२००९ मध्ये त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले. ज्यांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्यात हे मिथाइल गट अधिक व ग्राही कमी होते. ज्यांचा झाला नव्हता, त्यांचे मेंदू या बाबतीत अन्य कारणांनी दगावलेल्यांसारखेच होते. ती खूण आत्महत्येची नव्हती, छळाची होती.

म्हणूनच डॉक्टरांनी कुटुंबाचा इतिहास विचारल्यास तो लपवू नये आणि घरातील मुलांना कोणी मारझोड करत असेल तर ती तेथेच थांबवावी. मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतूनही बोलता येते.