टेलला पाणी का पोचत नाही? डेड मदरबोर्ड तपासताना

पैठणहून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. आवर्तन सुटूनही परभणीकडच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी आलं नाही, तर कुणी शेत उकरत बसत नाही. कालव्याच्या काठाने चालत जायचं, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि जिथे थांबलंय तिथे दोष शोधायचा. डेड लॅपटॉपचा मदरबोर्डही असाच तपासतात. चार्जरचे १९ व्होल्ट एका टोकाने आत येतात आणि टप्प्याटप्प्याने प्रोसेसरच्या सुमारे एक व्होल्टपर्यंत उतरतात. आधीचा टप्पा तयार झाल्याशिवाय पुढचा सुरूच होत नाही. हा क्रम सोडून थेट मोठ्या चिपला हॉट एअर, म्हणजे गनची गरम हवा, मारली, की चिल्लर किमतीच्या कपॅसिटरपायी अख्खा बोर्ड भंगारात जातो.

बोर्ड उघडण्याआधी चार्जर बघा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवला, की पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीत १९ ते १९.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मात्र काही चार्जर मोकळे असताना बरोबर आकडा दाखवतात आणि लोड आला की बसतात, म्हणून तसाच दुसरा चार्जर लावून खात्री करावी. टाइप-सी चार्जरवर शून्य किंवा ५ व्होल्टच दिसले तर घाबरू नका. लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो त्यापुढे जातच नाही. मग बॅटरीचा कनेक्टर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, रॅम आणि एसएसडी काढा. एवढ्यानेही काही लॅपटॉप जागे होतात.

होत नसेल तर पुढची मोजणी चार्जर न लावताच करायची. चार्जिंग आयसीच्या, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपच्या, जवळ ‘आर०१०’ किंवा ‘आर००५’ छापलेला जाडसर रेझिस्टर असतो. असे दोन असतील तर चार्जरच्या बाजूचा १९ व्होल्टच्या लाइनवर असतो. मीटरची काळी प्रोब स्क्रूच्या भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्यावर आणि लाल प्रोब या रेझिस्टरवर ठेवून ओहम मोजा. चांगल्या बोर्डावर आकडा हजारो ओहमच्या घरात चढतो. एक-दोन ओहमवरच अडकला तर लाइन शॉर्ट आहे, म्हणजे कालव्याला भगदाड पडलंय. इथे एक चूक फार होते: बीप मोडवर सगळ्या कॉइल (प्रत्येक टप्प्याचं व्होल्टेज ज्यातून पुढे जातं ते तारेच्या वेटोळ्याचे पार्ट) तपासत गेलं की प्रोसेसरच्या कॉइलवरही बीप वाजतो आणि बोर्ड शॉर्ट ठरवला जातो. प्रोसेसरच्या लाइनवर मुळातच ओहमचा आकडा फार कमी असतो. तिथला बीप म्हणजे दोष नव्हे.

शॉर्ट बहुतेक वेळा सिरॅमिक कपॅसिटरमध्ये सापडतो. तिळाएवढा, तपकिरी रंगाचा हा पार्ट आतून सिरॅमिक आणि धातूच्या पातळ थरांचा असतो. बॅग दुचाकीवर आदळली, लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला, की बोर्डाला बाक येतो आणि कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. चिरेत ओल शिरली की थर एकमेकांना भिडतात.

असे कपॅसिटर त्या लाइनवर वीस-पंचवीस असू शकतात. नेमका कोणता खराब आहे, ते उष्णतेवरून कळतं. डीसी पॉवर सप्लाय १ व्होल्टवर ठेवा, करंट लिमिट १ अँपिअर. गरज पडली तर ते २-३ अँपिअरपर्यंत वाढवा. ऋण तार ग्राउंडला, म्हणजे त्याच तांब्याच्या कड्याला, धन तार त्या रेझिस्टरवर. त्याआधी बोर्डावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवा. सगळा भाग ओला चमकत असतो, आणि मग एकाच पार्टभोवती कोरडा ठिपका उमटतो, हळूहळू मोठा होतो. दोन अँपिअरला जास्तीत जास्त दोन वॅट उष्णता त्या तिळाएवढ्या जागेत कोंडलेली असते. थर्मल कॅमेऱ्याशिवाय भागतं, ते असं. व्होल्टेज मात्र १ व्होल्टच ठेवायचं. इथे १९ व्होल्ट सोडणं म्हणजे सापडलेला दोष दुसरीकडे पसरवणं. कपॅसिटर काढून शॉर्ट गेला, की त्याच मूल्याचा आणि किमान २५ व्होल्टचा नवा बसवा.

सप्लाय लावण्याआधी आणखी एक मोजणी चुकवू नका: १९ व्होल्टची लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यातले ओहम. आकडा शून्याजवळ असेल तर वरचा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) आरपार गेलाय आणि १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर गेले असण्याची दाट शक्यता आहे. अशा बोर्डावर ग्राहकाचा पैसा घालू नये, तसं त्याला स्पष्ट सांगावं.

शॉर्ट नसेल तर बोर्डाला १९ व्होल्ट द्या. पहिल्या मॉस्फेटपर्यंत ते आहेत आणि पुढे शून्य, असं दिसलं की दोष मॉस्फेटवर ढकलला जातो. पण मॉस्फेट म्हणजे नुसतं गेट. उघडायचं की नाही हे पाटकऱ्यासारखा चार्जिंग आयसी ठरवतो. दोन रेझिस्टर १९ व्होल्टचा ठरावीक हिस्सा त्याच्या एका पिनवर देतात. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२४७२५, बीक्यू२४७३५ या आयसींना तिथे २.४ व्होल्टच्या वर लागतात. चहा सांडून त्यातला एक रेझिस्टर गंजला, तर चार्जर लावलेला असूनही आयसीच्या लेखी तो नसतोच. म्हणून मॉस्फेट बदलण्याआधी ही पिन मोजा.

त्यापुढे सतत चालू राहणारे ३.३ आणि ५ व्होल्ट, मग कंट्रोलर चिप, मग बटणाचा सिग्नल. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, अशा बोर्डावर रॅमनंतर आठ पायांची बायॉस चिप (लॅपटॉप सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम जिच्यात असतो ती) संशयित असते. ती नव्याने लिहिण्याआधी जुन्या फाइलचा बॅकअप घ्याच, त्यात त्याच लॅपटॉपची माहिती असते. काही चिप १.८ व्होल्टच्या असतात, ३.३ व्होल्टच्या प्रोग्रॅमरला थेट लावल्या तर जळू शकतात.

मोठ्या चिपला गरम करून बोर्ड चालू करणं ही दुरुस्ती नव्हे. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. त्याहून कमी उष्णतेने चिपच्या आतले तुटलेले जोड काही दिवस टेकतात आणि पुन्हा सुटतात.

बोर्ड चालू झाला, तरी तो ज्या सॉकेटवर लागणार आहे ते तपासायला सांगा. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतील तर फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढेच हवेत. अर्थ नसेल तर चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला शंभरेक व्होल्ट येतात. करंट नगण्य, हाताला फक्त झिणझिण्या. पण टीव्हीची एचडीएमआय केबल खोचताना तोच करंट पोर्टमधून जातो आणि पोर्टची चिप उडवू शकतो. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते. त्या खड्ड्यात उन्हाळाभर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं.