दाह किती? एमआरएनए लशींच्या सुरक्षिततेच्या शोधामागची गोष्ट

जून २०२१. न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाला नुकतंच सोळावं पूर्ण झालं होतं. फायझरचा पहिला डोस घेऊन झाला होता, दुसरा चार दिवसांवर आला होता. "अरे, इथे सगळे म्हणतायत, मुलांच्या हृदयाला सूज येते. देऊ की थांबू?" इकडे आम्ही कोविनवर स्लॉट मिळवायला रात्री जागत होतो आणि तिकडे लस हाताशी असताना तिचा जीव टांगणीला लागला होता. मला लगेच उत्तर देता आलं नाही. इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्याच्या सुरुवातीला जाहीर केलेले आकडे तेवढे मी वाचले होते.

तिच्या प्रश्नाच्या मुळाशी जायचं तर २०२० पासून सुरुवात करून भागत नाही. बरंच मागे जावं लागतं, कारण फायझर, मॉडर्ना या एमआरएनए लशींची सगळी कथा एका दुष्परिणामापासूनच सुरू होते. तो दुष्परिणाम म्हणजे दाह, प्रतिकारयंत्रणा खवळल्यावर येणारी सूज.

पेशीत प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन जाणारा रेणू, म्हणजे एमआरएनए, १९६१ साली सापडला. असा रेणू बाहेरून उंदराच्या स्नायूत टोचला तर तिथल्या पेशी त्यातला निरोप वाचून प्रथिन बनवतात, हे १९९० मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवलं. ऐकायला सोपं वाटतं. पण शरीराला बाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणूच वाटतो, कारण कितीतरी विषाणू आरएनएचेच असतात. प्रतिकारयंत्रणा लगेच खवळते. असा आरएनए टोचलेले उंदीर अंग आक्रसून बसत, त्यांचे केस पिंजारलेले दिसत, ते खाणं सोडत. बहुतेक प्रयोगशाळांनी हा नाद सोडून दिला तो यामुळेच.

कॅटालिन कारिको यांनी सोडला नाही. हंगेरीतल्या सेगेदमधली नोकरी गेल्यावर १९८५ मध्ये त्या नवरा आणि दोन वर्षांच्या मुलीसह अमेरिकेला निघाल्या. गाडी विकून आलेले ९०० पौंड मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले, कारण देशाबाहेर पैसे न्यायला परवानगी नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अनुदानाचे अर्ज एकामागून एक फेटाळले गेले आणि १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर आणलं गेलं. त्यानंतर एकदा फोटोकॉपी मशीनपाशी त्यांची गाठ ड्रू वाइसमन यांच्याशी पडली. वाइसमन एचआयव्हीवरच्या लशीच्या शोधात होते. मी आरएनए बनवू शकते, असं कारिकोंनी सांगितलं आणि दोघांचं काम सुरू झालं.

वाइसमन यांनी तो आरएनए माणसाच्या प्रतिकारपेशींवर टाकून पाहिला, तर पेशी भडकल्या. आता तुलनेसाठी वापरलेल्या एका नमुन्याची गोष्ट नीट सांगायला हवी. या दोघांनी टीआरएनए नावाचा दुसऱ्या प्रकारचा आरएनएही तपासला होता आणि त्याने पेशी भडकल्या नाहीत. का? टीआरएनएच्या मूळ अक्षरांवर, म्हणजे तो ज्या घटकांचा बनतो त्यांवर, निसर्गतःच पुष्कळ रासायनिक बदल केलेले असतात. पेशी जणू ते बदल पाहून 'हा आपला' असं ओळखते. मग दोघांनी आपल्या एमआरएनएमधल्या युरिडिन या अक्षराच्या जागी त्याचं किंचित बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घातलं. दाह जवळजवळ थांबला. हा शोधनिबंध २००५ मध्ये आला, आणि २००८ मध्ये असंही दिसलं की बदललेल्या एमआरएनएपासून प्रथिनही जास्त बनतं. २०२३ चं नोबेल याच कामाला मिळालं. तो २००५ चा निबंध लशीचा पाया म्हणून सांगितला जातो, पण माझ्या मते तो आधी दुष्परिणामांवरचा निबंध आहे. तंत्रज्ञान चालेल की नाही आणि ते सोसवेल की नाही, हे प्रश्न तेव्हापासून एकाच धाग्यात गुंतलेले आहेत.

दुसरी अडचण वेष्टणाची होती. उघडा आरएनए रक्तात क्षणात तुटतो, म्हणून त्याला मेदाच्या सूक्ष्म कणात गुंडाळावं लागतं. व्हँकुव्हरमध्ये पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे कण सुधारले. २०१८ मध्ये त्यांच्याच आधारे पॅटिसिरान हे एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. हे मेदकण स्वतःही थोडा दाह निर्माण करतात. लशीला तो थोडा हवाही असतो, त्याशिवाय प्रतिकारयंत्रणा जागी होत नाही. थोडा हवा, फार नको. सगळी कसरत इथेच आहे.

ही कसरत न जमल्याचं उदाहरणही समोर आहे. जर्मनीच्या क्युअरव्हॅक कंपनीने अक्षरं न बदलता नैसर्गिक एमआरएनएच वापरायचं ठरवलं. तिची रेबीजवरची लस २०१३ पासून म्युनिकमध्ये १०१ निरोगी स्वयंसेवकांवर तपासली गेली होती. कोविडच्या लशीत मात्र शरीराला सोसवेल म्हणून डोस फक्त १२ मायक्रोग्रॅम ठेवावा लागला. फायझरचा होता ३०, मॉडर्नाचा १००. जून २०२१ अखेर क्युअरव्हॅकचे आकडे आले, तेव्हा परिणामकारकता भरली जेमतेम ४८ टक्के. नव्या उत्परिवर्तनांचाही त्यात हात होता, पण या क्षेत्रातल्या अनेकांना लगेच २००५ ची आठवण झाली.

फायझरच्या मोठ्या चाचणीत ४३,००० हून अधिक माणसं होती, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन. दुसऱ्या डोसनंतर ५५ वर्षांपर्यंतच्या गटात ५९ टक्क्यांना थकवा आला, ५२ टक्क्यांचं डोकं दुखलं, १६ टक्क्यांना ताप आला. नुसतं खारं पाणी टोचलेल्यांपैकीही २३ टक्क्यांनी थकवा आणि २४ टक्क्यांनी डोकेदुखी सांगितली. लस घेतल्यावर जे जे होतं ते सगळं लशीमुळेच होतं असं नाही, हे या दोन आकड्यांइतकं स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही. आणि तरीही ५९ आणि २३ मधला फरक खरा आहे, तो लशीचाच आहे.

चाचणीत न दिसलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी दिसली. ८ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झालं आणि ९ तारखेला तिथल्या औषध नियामकाने इशारा दिला. तीव्र ॲलर्जीचा इतिहास असलेल्या दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना लस घेताच ॲनाफिलॅक्सिससारखा, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीसारखा, त्रास झाला होता. लशीची किंवा तिच्या घटकांची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. अमेरिकेत पहिल्या दहा दिवसांत सुमारे १९ लाख डोसांमागे अशा २१ घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे दहा लाखांत साधारण ११. लस घेतल्यावर खुर्चीत पंधरा मिनिटं बसवून ठेवण्याला यानंतर फार वजन आलं. या घटनांपैकी बहुतेक पहिल्या पंधरा मिनिटांतच झाल्या होत्या, आणि शेजारी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तयार असलं की जीव वाचतो.

दुर्मीळ दुष्परिणाम शोधणं म्हणजे अंश आणि छेदाचं गणित. अमुक इतक्या जणांना त्रास झाला, हा झाला अंश. किती जणांनी लस घेतली आणि लस न घेताही त्या वयात तो आजार कितींना होतोच, हे कळल्याशिवाय तो अंश काहीच सांगत नाही. अमेरिकेने हे १९७६ मध्ये अनुभवलं. स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिल्यावर गियाँ-बारे हा लुळेपणा आणणारा आजार लाखात साधारण एकाला जास्त झाल्याचं दिसलं आणि मोहीम बंद पडली. १९९० मध्ये तिथे व्हेअर्स ही लशीनंतरच्या त्रासांची नोंदवही सुरू झाली. तिच्यात कुणीही तक्रार नोंदवू शकतं. तिची ताकद तीच आणि मर्यादाही तीच: तिच्यात अंश आहे, छेद नाही. व्हेअर्समधले आकडे उचलून 'लशीने इतके मेले' म्हणणारे संदेश आपल्या फोनवरही येऊन गेले. ती नोंद म्हणजे धूर. आग आहे का, हे मग पूर्ण वैद्यकीय नोंदी असलेल्या यंत्रणेत जाऊन पाहावं लागतं.

इस्रायलकडे तशी यंत्रणा होती. जवळजवळ सगळे नागरिक चार आरोग्य संस्थांपैकी एकीचे सदस्य, सगळ्यांच्या नोंदी संगणकावर, आणि लसीकरण जगात सर्वांत वेगाने. डिसेंबर २०२० ते मे २०२१ दरम्यान तिथे मायोकार्डायटिसचे, म्हणजे हृदयस्नायूच्या दाहाचे, २७५ रुग्ण नोंदले गेले. पन्नास लाखांवर लोकांचं लसीकरण झालेलं. लशीनंतर तीस दिवसांत आजारी पडलेल्यांत पहिल्या डोसनंतरचे २७ होते आणि दुसऱ्यानंतरचे १२१. बहुतेक तिशीच्या आतले मुलगे आणि तरुण पुरुष. डोसनंतर दोन-तीन दिवसांनी छातीत दुखू लागायचं, रक्तात ट्रोपोनिन हे हृदयस्नायूची इजा दाखवणारं प्रथिन वाढलेलं सापडायचं, चार-पाच दिवसांत बहुतेक जण घरी जायचे. दुसरा डोस, तरुण वय, पुरुष आणि पहिला आठवडा: योगायोग असता तर चारही खुणा अशा एका ओळीत आल्या नसत्या. २५ जून २०२१ ला अमेरिकेने लशीच्या माहितीपत्रकात हा इशारा घातला.

बहिणीच्या मुलाला त्यांच्या डॉक्टरांनी दुसरा डोस दिला, फक्त आठवडाभर सॉकर बंद ठेवायला सांगितलं. त्याचा एक दिवस तापात गेला, पुढे काही नाही. आज तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, थोडं थांबून घे. तीन आठवड्यांचं अंतर साथ दारात उभी असताना ठरलं होतं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओच्या नोंदींत दिसलं की दोन डोसांत आठ आठवडे गेले तर हृदयदाहाचं प्रमाण बरंच खाली येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनेही, विशेषतः १२ ते ३९ वयाच्या पुरुषांसाठी, आठ आठवडे योग्य ठरू शकतात असं सांगितलं.

डोसचा आकारही महत्त्वाचा निघाला. उत्तर युरोपातल्या चार देशांच्या, २ कोटी ३० लाख लोकांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. १६ ते २४ वयाच्या पुरुषांत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर लाखामागे ४ ते ७ जास्तीचे रुग्ण निघाले, तर मॉडर्नानंतर ९ ते २८. स्वीडन आणि फिनलंडने तर ऑक्टोबर २०२१ मध्येच तरुणांसाठी मॉडर्ना थांबवली होती.

'कोविडमुळे हृदयाला जास्त धोका' हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरत होतं. सगळी वयं एकत्र धरली तर ते खरं आहे: इस्रायलच्या एका मोठ्या अभ्यासात लशीमुळे लाखामागे २.७ आणि संसर्गामुळे ११ जास्तीचे रुग्ण आढळले. पण इंग्लंडमध्ये चाळिशीच्या आतले पुरुष वेगळे काढले, तेव्हा मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांत ९७ आणि संसर्गानंतर १६, असं उलटं चित्र दिसलं. हेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. अठरा वर्षांच्या मुलाला सत्तरीतल्या आजोबांचं गणित लावून कसं चालेल?

त्या मुलांचं पुढे काय झालं? अमेरिकेतल्या पाठपुराव्यात, तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलेल्यांपैकी ८१ टक्के बरे झाल्याचं नोंदलं गेलं. काहींच्या एमआरआयवर मात्र व्रणासारखी खूण महिनोन्महिने राहिली. फ्रान्समध्ये १८ महिने मागोवा घेतल्यावर लशीनंतरच्या रुग्णांत गुंतागुंत इतर मायोकार्डायटिसपेक्षा कमी आढळली. कारणाचा शोध अजून चालू आहे. २०२३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना अशा १६ तरुणांच्या रक्तात, लशीच्या निरोपावरून बनणारं स्पाइक प्रथिन, अँटिबॉडी न चिकटलेलं, मोकळं फिरताना सापडलं. निरोगी लसवंतांच्या रक्तात ते तसं नव्हतं.

मासिक पाळीची गोष्ट मला याहून जास्त बोचते. २०२१ च्या सुरुवातीपासून स्त्रिया सांगत होत्या की लशीनंतर पाळी पुढे गेली, रक्तस्राव वाढला. त्यांना 'ताणामुळे असेल' असं ऐकावं लागलं. मोठ्या चाचण्यांत पाळीबद्दल विचारलंच नव्हतं, मग उत्तर कुठून मिळणार? जानेवारी २०२२ मध्ये पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपमधून जवळपास ४,००० जणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाळी सरासरी एका दिवसाहून कमी पुढे जाते आणि नंतर पूर्ववत होते, असं दिसलं. त्याच ऑक्टोबरमध्ये युरोपीय नियामकाने जास्त रक्तस्राव दुष्परिणामांच्या यादीत घालण्याची शिफारस केली. त्रास बहुतांश तात्पुरता होता, पण बायका खरं बोलत होत्या.

'लशीतला आरएनए दोन दिवसांत नाहीसा होतो' हेही असंच घाईने सांगितलेलं वाक्य. २०२२ च्या एका अभ्यासात काखेतल्या लसिकाग्रंथींत त्याचे अंश ६० दिवसांपर्यंत आढळले. त्यातून काही अपाय झाल्याचं दिसलं नाही, पण खोडून काढावं लागेल असं वाक्य मुळात बोलायचंच कशाला? २०२३ च्या अखेरीस केंब्रिजच्या गटाने दाखवलं की बदललेल्या अक्षरांमुळे पेशी कधी कधी निरोप वाचताना एक अक्षर घसरते आणि थोडं वेगळं प्रथिन बनवते. अपायाचा पुरावा नव्हता, आणि अक्षरांची जुळणी बदलून ही घसरण कमी करता येते, हेही त्याच निबंधात होतं.

आपल्याकडे या सगळ्याचा भलताच गोंधळ झाला. कोविशील्ड ही एमआरएनए लस नाही, ती निरुपद्रवी केलेल्या ॲडेनोविषाणूवर बेतलेली आहे. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदांवरून रक्ताच्या गुठळ्यांची बातमी गाजली, तेव्हा तिला इस्रायलचे हृदयदाहाचे आकडे जोडून संदेश फिरले. दोन वेगळ्या लशी, दोन वेगळे दुष्परिणाम. मॉडर्नाला भारतात २९ जून २०२१ ला परवानगी मिळाली होती, पण नुकसानभरपाईच्या जबाबदारीवर घोडं अडलं आणि ती लस आलीच नाही.

भारताची एमआरएनए लस पुण्यात बनली, हिंजवडीच्या जेनोव्हात. जेमकोव्हॅकला जून २०२२ च्या अखेरीस आणीबाणीची मंजुरी मिळाली. उणे तापमानाऐवजी साध्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत राहणारी लस, ही तिची खरी कमाई. वर्षभराने ओमिक्रॉनसाठीची आवृत्ती आली, ती सुईविना, दाबाच्या झोताने त्वचेत देतात. मूळ जेमकोव्हॅकच्या मोठ्या चाचणीत सुमारे ४,००० माणसं होती. वीस हजारांत एकाला होणारा हृदयदाह ४,००० माणसांत दिसत नाही. तो दिसायला लाखो लोकांनी लस घ्यावी लागते, आणि २०२३ च्या जूनमध्ये ओमिक्रॉनची आवृत्ती आली तेव्हा केंद्रांवरच्या रांगा केव्हाच संपल्या होत्या.