स्टीव्हन्स, थॅडियस

(४ एप्रिल १७९२–११ ऑगस्ट १८६८). अमेरिकन वकील, राजकारणी आणि यादवी युद्धाच्या (१८६१–६५; गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बंडखोर दक्षिणी राज्यांशी झालेले युद्ध) काळातील जहाल रिपब्लिकन गटाचा, म्हणजे गुलामगिरीचा अंत व कृष्णवर्णीयांना समान हक्क मागणाऱ्या गटाचा, प्रतिनिधिगृहातील नेता. त्याचा जन्म व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे एका गरीब कुटुंबात झाला. एक पाय जन्मतःच वाकडा असल्याने तो आयुष्यभर लंगडत चालला. वडील घर सोडून गेल्यावर आई सेरा हिने कष्टाने मुलांना वाढवले व थॅडियसला शिकवले. डार्टमथ कॉलेजातून १८१४ मध्ये पदवी घेऊन तो पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे शिक्षक झाला आणि फावल्या वेळात कायदा शिकला. त्याने वकिलीची परीक्षा मात्र शेजारच्या मेरिलँड राज्यात दिली व १८१६ मध्ये गेटिझबर्ग येथे व्यवसाय सुरू केला.

पुढे गुलामगिरीचा कट्टर शत्रू ठरलेल्या या वकिलाने १८२१ मध्ये एक खटला गुलामाच्या मालकाच्या बाजूने लढवून जिंकला होता. मालकाने पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त होतो, असा त्या राज्याचा कायदा होता. चॅरिटी बटलर या स्त्रीचे तेथील वास्तव्य तुकड्यातुकड्यांचे होते. हे सहा महिने सलग असले पाहिजेत, हा स्टीव्हन्सचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला आणि ती व तिची मुले गुलामगिरीतच राहिली. कायद्याच्या एकेका शब्दावर माणसाचे स्वातंत्र्य कसे टांगलेले असते, हे इतक्या जवळून पाहिलेले राजकारणी थोडेच असतील. यानंतर त्याने अनेक फरारी गुलामांच्या बाजूने काम केले. पेनसिल्व्हेनियातील ख्रिस्तियाना येथे १८५१ मध्ये फरारी गुलामांना पकडायला आलेला मालक मारला गेला, तेव्हा देशद्रोहाचा आरोप ठेवलेल्या कॅस्टनर हॅनवेच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत तो होता. ज्यूरीने हॅनवेला निर्दोष ठरवले.

राज्याच्या विधिमंडळात असताना १८३५ मध्ये त्याने केलेल्या भाषणामुळे मोफत शाळांचा कायदा रद्द होण्यापासून वाचला. राज्याच्या १८३८ च्या संविधानाने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, म्हणून घटना परिषदेचा सदस्य असूनही त्याने त्यावर सही केली नाही. तो १८४२ मध्ये लँकेस्टर येथे स्थायिक झाला. १८४९–५३ या काळात आणि पुन्हा १८५९ पासून अखेरपर्यंत तो प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. युद्धकाळात वेज अँड मीन्स (कर व महसूल पाहणाऱ्या) समितीचा अध्यक्ष या नात्याने युद्धखर्चाची तजवीज करणे हे त्याचे मुख्य काम होते. जून १८६३ मध्ये दक्षिणी सैन्याने त्याचा कॅलिडोनिया येथील लोखंडाचा कारखाना जाळला.

त्याची खरी कसोटी युद्धानंतर लागली. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येनुसार ठरत आणि त्यासाठी गुलामांची संख्या पूर्वी तीन-पंचमांशच धरली जाई; गुलामगिरी संपल्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीय आता लोकसंख्येत पूर्ण धरले जाणार होते. त्यांना मत नाही, पण त्यांच्या संख्येवर जुन्या मालकांना जास्त जागा, असा हा पेच होता. डिसेंबर १८६५ मध्ये सभागृहाची हजेरी घेताना कारकून एडवर्ड मॅकफर्सनने स्टीव्हन्सशी आधीच ठरल्याप्रमाणे दक्षिणी राज्यांच्या प्रतिनिधींची नावे वगळली, आणि त्यांना सभागृहात बसता आले नाही. पुढे कृष्णवर्णीयांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण देणारी आणि पुरुषांना मत नाकारणाऱ्या राज्यांच्या जागा कमी करण्याची तरतूद असलेली चौदावी घटनादुरुस्ती १८६६ मध्ये काँग्रेसने संमत केली. तिचा मसुदा त्याला अपुरा वाटत होता, तरी त्याने तिला पाठिंबा दिला. बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत, ही त्याची योजना मात्र त्याच्याच पक्षाने उचलून धरली नाही. मताधिकाराला जमिनीचा आधार हवा, ही त्याची समज सहकाऱ्यांपेक्षा खोल होती.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवरील महाभियोगाच्या वेळी (१८६८) तो इतका खंगला होता, की त्याला खुर्चीत बसवून उचलून आणावे लागे. सिनेटपुढील भाषण त्याने उभ्याने सुरू केले, मग बसून चालू ठेवले, आणि आवाज बसल्यावर उरलेला भाग प्रतिनिधिगृहातील त्याचा सहकारी बेंजामिन बटलर याने वाचून दाखवला. दोषसिद्धीला एक मत कमी पडले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. लँकेस्टरच्या रिपब्लिकनांनी निधनानंतरही त्यालाच उमेदवारी दिली. त्याचे दफन तेथील एका लहानशा दफनभूमीत झाले. ही जागा एकांताच्या आवडीने निवडलेली नसून, इतर दफनभूमींच्या सनदेत वंशाची अट असल्यामुळे निवडली आहे, असे त्याने स्वतः लिहून ठेवलेले शब्द तिथल्या दगडावर कोरलेले आहेत.